दूध बंद, पाव चालू

आमच्या धाकटीच्या पोटाचं प्रकरण सुरू झालं ते कानापासून. ती तेव्हा तीन वर्षांची व्हायची होती. त्या पावसाळ्यात सर्दी झाली की कान ठणकायचा, कान ठणकला की ताप, आणि ताप आला की अँटिबायोटिकची गुलाबी बाटली. एक बाटली संपून महिना उलटत नाही तोच दुसरी. दुसरीनंतर तिच्या जांघेत लालभडक चट्टा उठला. रात्रीचा डायपर अजून सुटलेला नव्हता, म्हणून नेहमीचं रॅशचं मलम लावलं. चट्टा हटेना, उलट त्याच्या कडेकडेने बारीक पुटकुळ्या पसरायला लागल्या. मग जिभेवर आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसले. दुधाची साय चिकटली असेल म्हणून माझ्या आईने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, तर निघेचनात.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी बघताक्षणी सांगितलं, कँडिडा. यीस्टच्या कुळातली ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुकाट राहत असते. अँटिबायोटिकने आसपासचे जिवाणू मेले की तिला रान मोकळं मिळतं. जांघेला क्लोट्रिमॅझोलचं मलम, तोंडात बुरशीनाशक थेंब, डायपर शक्य तितका कमी आणि ती जागा कोरडी. एवढ्यावर आठवड्याभरात फरक दिसला. कोर्स मात्र त्यांनी पुरा करायला लावला, कारण चट्टा गेला म्हणजे बुरशी गेली असं नसतं.

हा भाग सरळ होता. वाकडा भाग पोटाचा. तोंड साफ झालं तरी पोट काही ताळ्यावर येईना. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं टम्म, दिवसातून चार वेळा पातळ शी, आणि पाळणाघरातून घरी आल्यावर पोट धरून रडणं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत खाजही होती, पण ती तशी जुनी.

आमच्या घरात सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. मी सातपूरला कंपनीत आहे, बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट. बायको बँकेत, ती नऊला बाहेर पडते. त्यामुळे धाकटीच्या तोंडात काय जातं आणि पलीकडून काय येतं, याचा हिशेब आपसूक माझ्या गळ्यात पडला.

नातेवाईकांकडून निदान यायला वेळ लागला नाही. वहिनींचा निरोप आला, 'भाऊजी, तिच्या पोटात बुरशी वाढलीय. तोंडात आली होती ना, तीच आत उतरली.' त्या एका आहार सल्लागार बाईंच्या संपर्कात होत्या. त्या बाईंचा तक्ता फोनवर आला. साखर बंद, गूळ बंद, फळं बंद, पाव-बिस्किट बंद, गहू बंद, दूध-दही बंद, आंबवलेलं सगळं बंद, म्हणजे इडली, डोसा, ढोकळा. बटाटासुद्धा बंद. उरलं काय, तर दुधी, मूग, थोडा भात आणि बाईंकडूनच घ्यायची एक पावडर. नाशिकमध्ये राहून लेकराला द्राक्षं आणि पाव दोन्ही बंद, म्हणजे घरात ठेवायचं तरी कसं!

एका रविवारी वहिनी घरी आल्या आणि त्यांनी बुरशीची 'घरगुती तपासणी' करून दाखवली. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी, पाण्याच्या पेल्यात थुंकायचं. थुंकी वर तरंगली तर ठीक, खाली तंतू सुटले तर पोटात बुरशी. स्टीलच्या पेल्यात काही दिसत नाही म्हणून ओट्यावर काचेचे ग्लास मांडले. माझ्या थुंकीला तंतू, बायकोच्या थुंकीला तंतू, थोरल्याच्या ग्लासात तर पारंब्याच. आमचे अण्णा सत्तरीचे, रोज पहाटे गोदाकाठी फिरून येणारे, त्यांच्या ग्लासातही तेच. अण्णा म्हणाले, 'म्हणजे आख्ख्या खानदानाला बुरशी!' लाळेत चिकट द्रव्य असतं, ते पाण्यात तंतू धरून खाली उतरतंच. बुरशीचा त्यात काही संबंध नाही. वहिनी रागावल्या नाहीत, पण पुढच्या वेळी ग्लास मांडले नाहीत.

तरी मी त्यांचं म्हणणं उडवून लावलं नव्हतं. बुरशी तर आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. शिफ्टवरून आल्यावर रात्री वाचत बसायचो. 'आतड्यातल्या यीस्टमुळे सगळे आजार' ही कल्पना 1980 च्या दशकात अमेरिकेत विल्यम क्रूक या डॉक्टरांनी घरोघरी पोहोचवली. थकवा, उदासी, पोट, त्वचा, मुलांचं चिडणं, सगळ्याच्या मुळाशी कँडिडा, आणि त्यावर साखर-पाव तोडणारा आहार. मग 1990 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग छापून आला. अशा तक्रारी असलेल्या 42 बायकांना नायस्टॅटिन हे बुरशीचं औषध आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आळीपाळीने दिली होती. जिथे खरोखर बुरशीचा संसर्ग होता तिथला त्रास औषधाने कमी झाला. थकवा-उदासीवर मात्र औषध आणि नुसती गोळी यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आमच्याकडेही तेच चित्र होतं की. जांघेची बुरशी मलमाने गेली, पोट तसंच राहिलं.

आणखी एक गंमत सापडली. जुलाबासाठी मॅडमनी ज्या पुड्या दिल्या होत्या, त्यांच्यावर बारीक अक्षरात नाव होतं सॅकरोमायसिस बोलार्डी. ही स्वतःच एक यीस्ट! अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबात मुलांना मुद्दाम देतात. पावातलं यीस्टही तिचंच भावंड, आणि भट्टीत ते मरूनच जातं. इडलीचं पीठ तर मुख्यतः जिवाणूंनी फुगतं. 'यीस्ट' या एका शिक्क्याखाली तक्त्यातल्या बाईंनी किती निरपराध पदार्थ आत टाकले होते, ते तेव्हा कळलं.

हे सगळं घेऊन मॅडमकडे गेलो. सोबत एका लॅबच्या पॅकेजची जाहिरातही नेली होती. एका रक्तात शे-दोनशे पदार्थांची 'सेन्सिटिव्हिटी', किंमत माझ्या अर्ध्या बोनसएवढी. मॅडमनी कागद बाजूला ठेवला. 'ही आयजीजीची टेस्ट आहे, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची. मूल जे खातं त्याच्या आयजीजी अँटिबॉडी रक्तात असतातच. त्यावरून काय खाल्लंय ते कळेल, काय सोसत नाही ते नाही कळणार. उद्या रिपोर्टात तांदूळ, मूग, शेंगदाणा लाल रंगात येईल आणि तुम्ही तेही बंद कराल.' युरोपातल्या आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनीही या कामासाठी ही तपासणी करू नका असंच सांगून ठेवलंय, हे मी नंतर पाहिलं. खऱ्या ॲलर्जीची तपासणी वेगळी, ती आयजीई या दुसऱ्या अँटिबॉडीची, आणि तीही लक्षणं तशी असतील तरच.

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का, श्वास लागतो का? शीमध्ये रक्त? रात्री झोपेतून पोट दुखून उठते का? सगळ्याला नाही. वजन केलं, उंची मोजली, जुन्या फाईलमधल्या तक्त्यावर ठिपका दिला. ठिपका आपल्या रेषेवर होता. वजन घसरलेलं असतं किंवा गांधी-सुजेचा इतिहास असता, तर त्यांनी घरी काहीच करू दिलं नसतं. अशा मुलाला बंद केलेला पदार्थ पुन्हा द्यायचा तो दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. घरी हौस म्हणून नाही.

आणि एक ताकीद: 'गहू आत्ता अजिबात बंद करू नका.' सीलिॲक आजाराची शंका दूर करायची होती. त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर खराब होतं. त्यासाठीची टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी खरी यायला मूल गहू खात असावं लागतं. आधीच चपाती सोडली तर रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येतो, आणि पुन्हा काही आठवडे गहू चारून सुई टोचावी लागते. वहिनींचा तक्ता लागू केला असता तर नेमकं तेच झालं असतं.

त्या रक्ततपासणीच्या दिवशी बाकावर शेजारी सिन्नरकडच्या एक ताई होत्या. त्यांच्या मुलाला सीलिॲक पक्का झालेला, आतड्याचा तुकडा तपासून. त्यांनी पिशवीतून डबा काढून दाखवला, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. म्हणाल्या, 'भाऊ, भाकरी सोपी आहे. अवघड हिंग आहे.' बाजारातल्या बऱ्याच हिंगाच्या डब्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरी पोराचं पोळपाट वेगळं, तवा वेगळा, आणि लग्नात गेलं की फक्त घरचा डबा. त्या मुलासाठी ग्लुटेन आयुष्यभर बंद, चिमूटभरही नाही. हल्ली हौसेने 'ग्लुटेन फ्री' करणारे लोक भेटले की मला त्या ताई आठवतात. एकाच शब्दाखाली एकीकडे फॅशन आणि एकीकडे जन्माची शिक्षा चाललेली असते.

आमचा रिपोर्ट नॉर्मल आला. मग पाळी दुधाची.

मॅडमची पद्धत मला पटली, कारण ती आमच्या कंपनीतल्यासारखी होती. मशीनवर रिजेक्शन वाढलं की आम्ही एका वेळी एकच सेटिंग बदलतो. दोन बदलले तर कशामुळे सुधारलं ते सापडत नाही. तसंच इथे. फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ, दोन ते चार आठवडे, आणि सुरुवातीलाच परत देण्याची तारीख ठरवून. सुधारलं तरी परत द्यायचं, नाही सुधारलं तरी परत द्यायचं. 'बंद करून बरं वाटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. परत दिल्यावर त्रास परत आला तर सिद्ध.' कोजागिरी आणि दिवाळी समोर होती. मसाला दूध आणि करंज्यांच्या दिवसांत हे जमणार नाही म्हणून भाऊबीज उरकून सुरू करायचं ठरलं.

तोवर वही घालायला सांगितली. थोरल्याची अर्धी कोरी वही घेतली आणि चार रकाने पाडले: काय खाल्लं, केव्हा, पोट, शी. शीच्या रकान्यात काय लिहायचं यावर घरात चर्चा झाली. शेवटी 'घट्ट, पेस्ट, पाणी' असे तीन शब्द ठरले. वहीने पहिल्याच आठवड्यात एक चोर पकडला. तिला पाळणाघरात सोडायला आणि आणायला अण्णा जात, आणि येताना लाडाने छोट्या खोक्यातला सफरचंदाचा ज्यूस घेऊन देत. रोज. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल हे साखरेसारखं द्रव्य आणि जादा फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, असतं. लहान आतड्याला ते सगळं शोषता येत नाही, मग ते पाणी ओढतं. ज्यूसच्या दिवशी 'पाणी', सुट्टीच्या दिवशी 'पेस्ट', असं वहीत सरळ दिसत होतं. अण्णांना वही दाखवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खिशात चिक्की.

ज्यूस थांबल्यावर निम्मा त्रास कमी झाला. संध्याकाळचं टम्म पोट राहिलं.

दूध बंद करणं म्हणजे पेला बंद करणं, असं वाटत होतं. किराणा आणायला रविवार कारंज्यावर गेलो तेव्हा पाकिटं उलटी करून वाचायला लागलो. बिस्किटात मिल्क सॉलिड्स, पावात दुधाची भुकटी, मसाला चिप्सवर व्हे पावडर, टॉफीत लोणी. 2020 च्या लेबलच्या नियमांनुसार दूध, गहू, अंडं, शेंगदाणा, सोया असे ॲलर्जीचे पदार्थ पाकिटावर वेगळे लिहावे लागतात, त्यामुळे शेवटची ओळ आधी वाचायची सवय लागली. सुट्या मालाला कुठलं लेबल? बेकरीवाल्याला विचारलं, 'लादीपावात दूध घालता का?' तो म्हणाला, 'साहेब, या भावात दूध?' म्हणून पाव चालू राहिला. तक्त्यात खोडलेला पदार्थच आमच्या घरात सगळ्यात निर्धास्त निघाला.

खरा प्रश्न कॅल्शियमचा. तिच्या वयाला रोज 500 ते 550 मिलिग्रॅम लागतं. गाईच्या 100 मिली दुधात ते 120 च्या आसपास असतं, तर 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या पुढे. बाकीचे लोक नाचणी म्हणतात, आमच्याकडे नागली. पेठ-सुरगाण्याकडची नागली बुधवारच्या बाजारात मिळते, तांबूस, बारीक, थोडे खडे असलेली. निवडून, धुऊन रात्रभर भिजवायची, सकाळी सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. थंडीत मोड यायला वेळ लागतो. फडकं सोडलं की दाण्याला पांढरी सुईच्या टोकाएवढी शेपटी दिसते आणि ओल्या मातीसारखा वास येतो. मग सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून, दळून, वस्त्रगाळ. हे झालं सत्त्व. पाण्यात शिजवून गूळ आणि नारळाचं दूध घातलं की वाटी साफ.

भाकरी मात्र माझ्याने लवकर जमली नाही. नागलीच्या पिठाला चिकटपणा नाही, थापताना कडा फुटतात. आईने शिकवलं: पाण्याला मिठासकट उकळी आणायची, त्यात पीठ घालून झाकण, मग गरम असतानाच हात ओला करून रगडायचं. हात भाजतो, पण भाकरी फुटत नाही. वर तिळाची चटणी. सोयाचं दूधही आणलं होतं. ते तिने तोंडात घेतलं आणि माझ्या शर्टावर परत केलं. शिवाय मॅडमनी कॅल्शियमचं सिरप दिलंच होतं, नुसत्या नागलीवर भरवसा ठेवला नव्हता. नागलीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, मोड आणल्याने थोडं सुधारतं इतकंच.

आईला हे दूधबंदीचं प्रकरण मनातून मान्य नव्हतं. तिच्या लेखी दूध न पिणारं मूल म्हणजे उपाशी मूल. तिने चोरून दिलं नाही, पण रोज सकाळी विचारायची, 'अजून किती दिवस रे?' भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेभोवती गोल केला होता, तो तिच्यासाठीच. पाळणाघरातल्या मावशींनी मात्र चोख सांभाळलं. वाढदिवसाचा केक आला की तिला राजगिऱ्याचा लाडू.

आठवडाभरात संध्याकाळचं पोट मऊ झालं. शीच्या रकान्यात 'घट्ट' यायला लागलं. बायको म्हणाली, आता कशाला परत द्यायचं, बरं चाललंय की. मलाही मोह झाला. पण त्या मोहापायीच मुलं वर्षानुवर्षं नको ते पथ्य करत राहतात, असं मॅडमनी बजावलं होतं. गोल केलेल्या तारखेला सुरुवात केली. आधी तूप, दोन-तीन दिवस पाहिलं, काही नाही. मग दुधाचं बिस्किट, मग दही, मग पनीर, मग वाटीभर खीर जेवणासोबत. काही नाही. घरातले सगळे दूध निर्दोष सोडायच्या बेतात होते. शेवटी सकाळी उपाशीपोटी पेलाभर नुसतं दूध दिलं. दुपारी मावशींचा फोन: पोट दुखतंय, दोनदा पातळ झाली. थोडं थांबून पुन्हा एकदा दिलं, पुन्हा तेच.

म्हणजे दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी नव्हती, ती असती तर पनीरने आणि दह्यानेही बोंब मारली असती. दुधातली साखर, लॅक्टोज, एकदम जास्त आली की तिच्या आतड्याला झेपत नव्हती. पेलाभर दुधात ते दहा ग्रॅमच्या घरात असतं. विरजणातले जिवाणू दह्यात ते कमी करतात, तुपात जवळजवळ नसतंच. जुलाबांनी आतड्याचं अस्तर दुखावलं की लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य काही काळ घटतं, मग सावकाश भरून येतं. आपल्याकडे बऱ्याच जणांत वय वाढेल तसं ते असंही कमी होत जातं.

खाजेचं काय? आमची अपेक्षा होती की दुधाबरोबर खाजही जाईल. ती तसूभर हलली नाही, दूध परत आल्यावर वाढलीही नाही. नाशिकच्या कोरड्या थंडीत ती दरवर्षीच डोकं वर काढते. साबण बदलला, आंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट केली, अंग ओलसर असतानाच जाड मॉइश्चरायझर चोपडायला लागलो, तेव्हा आटोक्यात आली. खाण्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. दूध परत दिलं नसतं तर खाजेचाही ठपका आम्ही दुधावरच ठेवून बसलो असतो.

फेब्रुवारीत द्राक्षं आली. मूठभर, धुऊन, उभी चिरून, कारण लहान मुलाच्या घशात आख्खं द्राक्ष अडकतं. वहिनींच्या तक्त्याप्रमाणे ती साखर म्हणून वर्ज्य होती. बुरशी परत आली नाही. पुढच्या पावसाळ्यात कान पुन्हा दुखला आणि अँटिबायोटिक घ्यावंच लागलं, तेव्हा जांघेत चट्टा दिसताक्षणी मलम लावलं. आता तर डायपरही सुटलाय.

वहिनी अजून त्या बाईंकडे आहेत. त्यांच्या मुलाचं वजन गेल्या वर्षभरात फारसं वाढलेलं नाही, म्हणून दादाला एकदा बाजूला घेऊन बोललो. त्याने मॅडमचा नंबर घेतलाय. गेला की नाही, विचारलेलं नाही.

यंदा आमची धाकटी ज्युनियर केजीला गेली. शाळेच्या फॉर्मवर 'ॲलर्जी' असा रकाना होता. तिथे 'नाही' लिहिलं आणि समासात लिहिलं, 'नुसतं दूध पेलाभर देऊ नये. दही, ताक, तूप, पनीर चालतं.' आषाढीला शाळेतल्या बाईंचा फोन आला, 'साबुदाण्याची खीर करतोय, तिला देऊ ना?' म्हटलं, वाटीभर द्या, दोन वाट्या मागेल, दुसरी देऊ नका.